रेड बिनमधले क्वेसार

विश्वाच्या बालपणातले काही क्वेसार मी एका बुधवारी संध्याकाळी नष्ट केले. घाईघाईने केले, कारण चहा गार होत होता. आता ते आकाशात जिथे आहेत तिथे सुखरूप आहेत, तिथवर माझा हात पोचत नाही. पण पृथ्वीवर, संत तुकाराम नगरात, आमच्या हॉलमधल्या काँप्युटरवर त्यांची जी निवड करून ठेवली होती, ती मी पुसली. पुसल्यावर पुन्हा एकदा पुसली. मग समाधानाने हात धुतले आणि चहाला बसलो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारा एक बोटभर लांबीचा पार्ट आमच्याकडे बनतो. ज्यांच्या गाडीत तो बसतो त्यांना तो असल्याचंही ठाऊक नसतं. त्याच्याकडे प्रेमाने, संशयाने आणि भिंगातून बघणारा या जगात मीच. माझ्या टेबलाशेजारी तीन डबे असतात. हिरव्यात पास झालेला माल. पिवळ्यात होल्ड, म्हणजे साहेब ठरवतील. आणि लाल, म्हणजे रेड बिन, रिजेक्ट. रेड बिनला झाकण असतं, कुलूप असतं, कारण रिजेक्ट पार्ट चुकून पुन्हा लाइनवर गेला तर घाटात कुणाचा तरी ब्रेक लागायचा नाही. म्हणून नियम असा, की शिफ्ट संपताना रेड बिन रिकामा झालाच पाहिजे. सगळा माल भंगारात. ऑडिटवाला आला की आधी तिथेच डोकावतो.

हे इतकी वर्षं केलंय की ते आता अंगात भिनलंय. बायको पाहुण्यांना सांगते, "यांना मेथी निवडायला दिली तर तीन ढीग करतात. आणि पिवळ्या ढिगाचं काय करायचं ते विचारायला साहेबांना फोन लावतात." फोन मी एकदाच लावला होता, तोही गमतीत. साहेबांनी मात्र गंभीरपणे उत्तर दिलं.

तर माझी भाची. बहिणीची मुलगी. पुण्यात एका संस्थेत पीएचडी करते आणि हॉस्टेलचं जेवण सोसेना म्हणून आमच्याकडे राहते. आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिने मला तिचं काम समजावून सांगितलं.

"मामा, एखाद्या आकाशगंगेच्या मध्यभागी राक्षसी कृष्णविवर असतं. त्यात आजूबाजूचा वायू पडत असतो. पडताना तो इतका तापतो, इतका पेटतो, की अख्खी आकाशगंगा त्याच्यापुढे फिकी पडते. तो क्वेसार."

"म्हणजे गिळला जायच्या आधीची बोंबाबोंब."

"तसंच समज. त्यातला दहात एखादाच रेडिओ लहरींमध्येही जोरात बोंब मारतो. मला तसले हवेत. आणि तेही अगदी लांबचे, विश्व नुकतं उभं राहत होतं तेव्हाचे. त्यांची यादी करायचीय."

पद्धत सोपी होती, निदान ऐकायला. रेडिओ दुर्बिणीने आकाशात जिथे जिथे काही जोरात वाजताना टिपलं होतं, त्या प्रत्येक जागेचे साध्या प्रकाशातले फोटो तिच्याकडे होते. एकाच जागेचे ओळीने चार. पहिला निळ्या प्रकाशातला, मग हिरव्या, मग लाल, आणि शेवटचा लालाच्याही पार टोकाचा. त्यांना ती खिडक्या म्हणायची. जवळची आकाशगंगा असेल तर ती चारही खिडक्यांत दिसते. पण फार लांबच्या क्वेसारचा प्रकाश वाटेत ताणला जाऊन लालाकडे सरकतो, आणि जो पुरेसा सरकत नाही तो वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो. त्यामुळे पहिल्या खिडक्यांत काळोख आणि फक्त शेवटच्या खिडकीत एक ठिपका.

"तो ठिपका मला हवा," ती म्हणाली.

सोपी चित्रं संगणकाने वेगळी केली होती. जिथे संगणकही डोकं खाजवत होता अशी हजारांच्या घरातली चित्रं माणसाने डोळ्यांनी बघायची होती. आणि नेमकी भाचीला चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण मनगट असं धरलं की माउस हलवताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. इकडे परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीसाठी अर्ज करायची मुदत जवळ आली होती. निवडलेले ठिपके त्या दुर्बिणीने बघितल्याशिवाय ते खरंच लांबचे क्वेसार आहेत हे सिद्ध होणार नव्हतं. पुढची संधी वर्षाने, आणि तोवर तिची फेलोशिप संपणार. यादी नाही तर दुर्बीण नाही, दुर्बीण नाही तर पीएचडी नाही.

"डोळ्यांनी बघून बाजूला काढायचं ना?" मी म्हणालो. "अगं, मला त्याचाच पगार मिळतो!"

दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये माझा रुबाब वाढला. कासारवाडीचा स्टॉप येईपर्यंत मी महास्फोट उरकायचो आणि पुढे चाकणपर्यंत क्वेसार. एका सकाळी बस चाकणच्या चौकात नेहमीसारखी रुतली होती. मी मागच्या सीटला तोंड करून सांगत होतो, "हा प्रकाश जवळपास तेराशे कोटी वर्षं प्रवास करतोय! कुठे थांबला नाही, कुठे अडला नाही!"

आमच्या पॅकिंगला चाकणशेजारच्या गावचा एक गडी आहे. त्याने खिडकीबाहेर बघत जांभई दिली. "व्हय, पन त्याच्या वाटंत ह्यो चौक नसंल."

घरी मात्र मी मन लावून काम करत होतो, हे कुणीही मान्य करेल. संध्याकाळी आलो की हातपाय धुऊन बसायचो. काँप्युटरवर मी तीन फोल्डर केले आणि त्यांना नावं दिली हिरवा, पिवळा, लाल. सगळ्या खिडक्यांत दिसतं ते हिरव्यात. शंका असेल ते पिवळ्यात. फक्त शेवटच्या खिडकीत दिसतं ते लालमध्ये.

"नावं काहीही दे मामा," भाची म्हणाली. "लालमधले मला हवेत, एवढं लक्षात ठेव. आणि रोज उठताना सगळं माझ्या पेनड्राइव्हवर कॉपी कर."

"लाल तुझे," मी म्हणालो. मला पूर्ण कळलं होतं. बसमधल्या लोकांनाही मी हे दोनदा समजावलं होतं. पण कळणं डोक्यात असतं आणि सवय हातात. रोज उठताना मी पेनड्राइव्हवर हिरवा कॉपी करायचो, पिवळा कॉपी करायचो आणि लालपाशी हात आपोआप मागे यायचा. रेड बिनमधला माल गेटबाहेर नेताना सापडलात तर आमच्याकडे नोकरी जाते.

बुधवारी शेवटचं चित्र संपलं. आतून आवाज आला, "चहा ठेवलाय हो." शिफ्ट संपली. मी लाल फोल्डर उघडला, सगळं निवडलं आणि डिलीटची कळ दाबली. काँप्युटरने अदबीने विचारलं, खरंच का? आमच्या कंपनीत इतक्या अदबीने मला कुणी विचारत नाही. हो म्हटलं. मग कचरापेटीही रिकामी केली, कारण ऑडिटवाले भंगाराच्या यार्डातही डोकावतात. आणि जागा झालीच आहे तर, म्हणून साडूच्या मुलीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ फोनमधून काढून त्यात भरला. बायको महिनाभर मागे लागली होती. एका संध्याकाळी दोन कामं झाली म्हणून मी दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

थोड्या वेळाने भाची आली. अर्जाचा मजकूर लिहून झाला होता, आता फक्त यादी जोडायची.

"मामा, लाल कुठेत?"

"रिकामा केला."

"म्हणजे?"

"शिफ्ट संपली ना."

ती हसली. मी घरात थट्टेखोर म्हणून ओळखला जातो. मागे एकदा तिच्या अलार्ममध्ये मी कंपनीचा भोंगा भरला होता. "चल, दे आता," ती म्हणाली. मीही हसलो, आणि हसता हसता माझं मलाच ऐकू आलं, की मी काय बोललो. माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. ती सोफ्यावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मनगटावरचा पट्टा सोडवत एवढंच म्हणाली, "परवा शुक्रवार, शेवटची तारीख आहे, मामा."

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "मेथी," ती म्हणाली आणि आत गेली.

मी सीपीयू उचलून पिंपरीतल्या काँप्युटरवाल्याकडे धावलो. त्याने विचारलं, "पुसलं त्याच्यावर काही भरलंत का काका?"

"साखरपुडा."

"मग आता साखरपुडाच निघणार."

घरी आलो तेव्हा भाची तिच्या लॅपटॉपला मूळ चित्रांची हार्ड डिस्क जोडून, डाव्या हाताने, पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरुवात करत होती. एकटीने करायला आठवडा लागला असता. आता ऐका. आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग रविवारी लोळतं, आम्ही गुरुवारी. बायको शाळेत शिक्षिका, तिला रविवारची सुट्टी. आमचा संसार टिकला त्याचं खरं कारण हेच, दोघांना एकाच दिवशी सुट्टी कधी पडलीच नाही. तर दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. अख्खं जग कामावर असणार, आणि चाकणचा झाडून सगळं क्वालिटी डिपार्टमेंट घरी गाडी धूत असणार. मी फोन उचलला.

सकाळी तिघं आले. पॅकिंगचा तो चाकणचा गडी. प्लेटिंग तपासणारा एक लातूरचा, जो पृष्ठभागावरचा डाग हाताच्या अंतरावरूनच हेरतो. दोघांनी आपापल्या पोरांचे लॅपटॉप आणले होते. आणि साहेब. साहेबांना मी बोलावलंच नव्हतं. पण "क्वालिटीचा प्रॉब्लेम झालाय" एवढं त्यांच्या कानावर गेलं, की ते सुट्टी असो, लग्न असो, येतात. बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ती बहुधा तमाशा बघायला.

साहेब बूट काढतानाच सुरू झाले. "आधी व्हाय-व्हाय करू." व्हाय-व्हाय म्हणजे चुकीच्या मुळाशी जाईपर्यंत "का?" विचारत राहायचं. आमच्याकडे ते आरतीसारखं म्हणतात.

"डेटा का गेला?"

"डिलीट केला."

"का केला?"

"शिफ्ट संपली."

"शिफ्ट संपली म्हणून का?"

"रेड बिन रिकामा करायचा असतो, साहेब. तुम्हीच सांगितलंय."

मुळाशी आता आपणच सापडतोय असं साहेबांना दिसलं असावं. "ठीक आहे," ते म्हणाले, "पोका-योके करू." पोका-योके म्हणजे अशी तजवीज, की माणसाने कितीही मनावर घेतलं तरी चूक होऊच नये. त्यांनी बायकोकडे लोण्याची सुरी मागितली, आमच्या कीबोर्डवरची डिलीटची कळ अलगद उपटली आणि भाचीच्या हातावर ठेवली. "ही तू सांभाळ बेटा. हा ऑपरेटर रिस्की आहे."

"आता लिमिट सॅम्पल दाखव," ते म्हणाले. पास माल नेमका कसा दिसतो त्याचा एक नमुना आमच्या प्रत्येक टेबलावर टांगलेला असतो. भाचीने आधीच सिद्ध झालेल्या एका क्वेसारचं चित्र कागदावर छापून दिलं. साहेबांनी ते टीव्हीवर चिकटवलं. तीन काळ्या खिडक्या आणि चौथीत एक बारका ठिपका. सगळे त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले. मी सवयीने खुर्ची ओढून माउसला हात घातला.

"ए!" चौघं एकदम ओरडले.

मला पोह्यांवर पाठवलं.

तो दिवस मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. कांदा चिरायचा, एक घाणा उतरवायचा, बाहेर येऊन बघायचं. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, पण पोह्यांना नावं ठेवायला सगळ्यांना वेळ होता.

"मी मघापासून ह्याच्याकडं बघायलोय," लातूरचा म्हणाला, "पण हे माझ्याकडं बघंना. हितं ठिपका हाय का स्क्रीन घाण हाय?"

भाचीने पदराने, म्हणजे ओढणीने, स्क्रीन पुसली. ठिपका गेला.

"घाणच होती. पुढं."

"ह्यो बघ गडी," चाकणचा खूश होऊन म्हणाला, "सगळ्या खिडक्या सोडून शेवटच्याच खिडकीत बसलाय. यष्टीत आमचा म्हातारा बसतो तसा."

"काढा काका, तो हवा!"

दुपारी जेवताना त्यानेच विचारलं, "पोरी, एवढ्या लांबचं सापडलं, तर त्याचं करायचं काय?"

"काका, विश्व तेव्हा अगदी तान्हं होतं. एवढं प्रचंड कृष्णविवर तयार व्हायला तेवढा वेळच मिळालेला नाही. मग ते झालं कसं, हे कुणालाच नीट माहीत नाही."

त्याने घास गिळला. "म्हंजी सा म्हैन्याचं पोर, आन मिशी."

"अगदी तेच!" भाची खळखळून हसली. बुधवारपासून पहिल्यांदाच. मी दारात उलथनं घेऊन उभा होतो, मलाही हसायचं होतं, पण साहेबांनी वळून बघितलं.

दिवे लागायच्या सुमारास शेवटचं चित्र झालं. तिघांनी वेगवेगळं काढलेलं साहेबांनी एकत्र केलं, वाद झाले, पिवळ्यातून दोन-चार ओढून आणले गेले आणि यादी तयार झाली. कपभर चहा घेऊन सगळे गेले. जाताना लातूरचा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, पोह्यात मीठ कमी होतं. पण तुमच्या हातनं आज काही पुसलं गेलं नाही, हे काय कमी हाय?"

एवढ्या माणसांना पुरतील इतके कप आमच्याकडे नव्हते, म्हणून बायकोने समोरच्यांकडून आणि वरच्या मजल्यावरून आणले होते. आता ती ते विसळून लावत होती. मी विचारलं, "कुणाचे कोणते, कसं कळणार? वरच्यांच्या कपांवर तर काही खूणच नाही."

"त्यात काय? आपले फुलांचे, ते काढले. समोरच्यांचे निळ्या काठाचे, ते काढले. उरले ते वरच्यांचे."

भाची पोह्यांचा शेवटचा घास तोंडात धरून थिजली. मग चमचा टाकून पळाली ती थेट काँप्युटरकडे.

मूळ चित्रं सगळी हार्ड डिस्कवर होती. हिरवी आणि पिवळी मी इमानेइतबारे पेनड्राइव्हवर दिली होती. सगळ्यांतून हिरवी वजा, पिवळी वजा. उरली ती लाल. तिने दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. मी भांडं पुसायचं फडकं खांद्यावर टाकून पोचेपर्यंत माझा रिकामा केलेला रेड बिन पडद्यावर जसाच्या तसा भरून उभा होता.

मी मनात हिशेब केला. तीन माणसांची सुट्टी, ढीगभर पोहे, साहेबांचा व्हाय-व्हाय. "साहेबांना सांगायचं नाही हं," मी हळूच म्हणालो.

पण भाची आधीच दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून बघत होती. तिघांची आणि माझी. तिघांनी काढलेले जवळजवळ सगळे माझ्यातही होते. माझी छाती जरा फुगली. मात्र माझ्या यादीत त्याखेरीज आणखी पुष्कळ होते. तिने त्यातलं एक उघडलं.

"मामा, यात तुला काय दिसलं?"

मी वाकून बघितलं. चारही खिडक्या काळ्या. "काहीच नाही."

"मग लालमध्ये का?"

"ज्यात काहीच नाही तो पार्ट रिजेक्टच ना!"

तिने दुसरं उघडलं. खिडकीभर एक लांब पांढरी रेघ. "हा उपग्रह गेलाय, मामा."

"मला वाटलं ओरखडा. ओरखडा म्हणजे डायरेक्ट लाल."

तिने डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाली, "हे गेलं असतं. तू पुसलं नसतंस ना, तर मी ही यादी न बघता जोडली असती. माझा तुझ्यावर विश्वास होता. रिकाम्या आकाशासाठी दुर्बीण मागितली असती मी. ओरखड्यांसाठी."

"म्हणजे पुसलं ते एका अर्थी…"

"अहो," बायको आतून म्हणाली. मी वाक्य तिथेच सोडलं.

दोन्ही याद्यांत होते तेवढेच ठेवून शुक्रवारी अर्ज गेला. दुर्बीण मिळाली. मागितली त्याहून कमी वेळ मिळाली, पण मिळाली. मग काही महिने कुणी त्याबद्दल बोललं नाही. बसमध्ये मी हवामान आणि कांद्याचे भाव एवढ्यावरच होतो. एका सकाळी चाकणच्या चौकात बस रुतलेली असताना भाचीचा फोन आला. बघितलेल्यांतले काही जवळचेच निघाले होते, काहींचं नक्की ठरत नव्हतं. पण एक होता. खरा, लांबचा, रेडिओत बोंब मारणारा, विश्व तान्हं असतानाचा. तिचा आवाज चिरकत होता.

मी बसमध्ये उभा राहून जाहीर केलं. लातूरच्याने शिट्टी मारली. चाकणच्याने विचारलं, "कुनी काढला व्हता?"

"सगळ्यांच्यात होता. माझ्याही."

"तुमी धरू नका. तुमी तर आख्खं आभाळच लालमदी टाकलं व्हतं."

साहेबांना त्याचं नाव हवं होतं. मी सांगितलं, नाव नसतं, आकाशातल्या जागेवरून एक लांबलचक नंबर देतात. ते खूश झाले. "बॅच नंबर आहे ना? पुरे."

संध्याकाळी घरी आलो तर भाचीने पेढे आणले होते. बॉक्समध्ये पेढ्यांच्या मधोमध, कागदात गुंडाळून, डिलीटची कळ ठेवलेली. "घे," ती म्हणाली. "तुझी परत."

मी पेढा तोंडात टाकला, चष्मा लावला आणि कीबोर्डपुढे बसलो. कळ तिच्या खाचेत टेकवून अंगठ्याने दाबणार, एवढ्यात तिने माझं मनगट धरलं. तिचं आता दुखत नव्हतं, चांगलं घट्ट धरलं.

"थांब मामा. आधी मला सगळं कॉपी करू दे."

तिने पेनड्राइव्ह लावला. मी कळ हातात धरून थांबलो.